सद्गुरू बघतील, पण आपलं ताट कोण बघणार?

॥ श्रीगुरवे नमः ॥



गेल्या महिन्यात एका भगिनींचा निरोप आला. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता तो इथे देत आहोत. त्या लिहितात: "यजमानांचं वय बावन्न. ऑफिसच्या तपासणीत सोनोग्राफी झाली, त्यात ग्रेड टू फॅटी लिव्हर निघालं. कोलेस्टेरॉल वाढलेलं, बीपी काठावर. डॉक्टरांनी गोड आणि तळलेलं कमी करायला, रोज चालायला सांगितलंय. यांनी घरी येऊन फाईल कपाटात टाकली. म्हणाले, देह जायचाच आहे, त्याचे लाड कशाला? सद्गुरू बघतील. मी चहातली साखर कमी केली की घरात वाद होतो. माझी श्रद्धा कमी पडते का, की यांचं काही चुकतंय? कृपया सांगावे."

हा प्रश्न काही एकाच घरचा नाही. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, फोंडा, ग्वाल्हेर, कुठल्याही परिवाराच्या ग्रुपवर अधूनमधून निरोप येतोच की अमक्यांची अँजिओग्राफी झाली, तमक्यांना स्टेंट बसवला, सर्वांनी नामस्मरण करावे. आपण नामस्मरण करतो, करायलाच हवं. पण स्टेंट बसायच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांबद्दल आपण सत्संगात फारसं बोलत नाही. ते डॉक्टरांचं काम, परमार्थाशी त्याचा काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण देहाची काळजी घेणं हा मोह की कर्तव्य, हा प्रश्न तर साधकाचाच आहे. म्हणून आज त्यावर थोडं सविस्तर बोलू.

परमार्थात देहाबद्दल दोन गोष्टी सांगतात. देह नाशवंत आहे, ही एक. आणि देह हेच साधन आहे, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. गंमत एवढीच की कोणती कधी आठवायची हे आपण सोयीने ठरवतो. श्रीखंडाची दुसरी वाटी समोर आली की देह नाशवंत असल्याचं आठवतं. दाढ ठणकायला लागली की तेच आपण रात्री दहाला दातांचा डॉक्टर शोधत फिरतो.

देहाबद्दल जो खरोखर उदासीन झाला, त्याला कमी साखरेचा चहाही चालायला हवा. मिळेल ते, मिळेल तेवढं, असं त्याचं असतं. चहा फिका लागला म्हणून ज्याचा पारा चढतो, तो देहापलीकडे गेलेला नसून जिभेपाशीच थांबलेला असतो. हे कोणाला टोचायला म्हणत नाही. पण देहबुद्धी सुटली आहे की नाही, याची परीक्षा घरच्या ताटावर जितकी सोपी होते तितकी दुसरीकडे होत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योगाची वाट सांगताना खाणं, झोपणं, हिंडणं-फिरणं अशा अगदी घरगुती गोष्टी घेतल्या आहेत. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असा तिथला भाव आहे. म्हणजे माप राखणं हे साधनेच्या बाहेरचं काम नाही.

आता त्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं होतं ते साध्या भाषेत समजून घेऊ. ते कळल्याशिवाय पुढचं बोलणं अधांतरी राहील.

आपल्या मराठीत काळीज हा शब्द मोठा सोयीचा आहे. "काळजाचा ठोका चुकला" म्हणतो तेव्हा आपल्या मनात हृदय असतं. खाटकाच्या दुकानात काळीज मागितलं तर मिळतं यकृत, म्हणजे लिव्हर. भाषेने दोघांना एका शब्दात बांधलं आहे आणि शरीरातही ते तसेच बांधलेले आहेत.

यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं. मोठ्या माणसाचं वजनाला साधारण दीड किलो. जेवणातून आतड्यांनी शोषलेली साखर आधी त्याच्याकडे येते. त्यातली साधारण शंभर ग्रॅम ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, दोन जेवणांच्या मधल्या वेळेसाठी. अगदी आपल्या आजीच्या कोठीसारखं. पण कोठी भरल्यावरही पोती येतच राहिली तर काय करणार? यकृत त्या जास्तीच्या साखरेची चरबी करतं. ही चरबी यकृतात पाच टक्क्यांच्या वर गेली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारू हे यकृताच्या आजाराचं मोठं कारण आहे, त्यात शंका नाही. पण दारूच्या थेंबाला न शिवलेल्यालाही हे होतं. "आम्ही माळकरी माणसं, आम्हाला कसला लिव्हरचा त्रास" हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने दारूशिवायच्या या फॅटी लिव्हरला मधुमेह-हृदयविकारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी त्याचं नावही बदललं आणि शरीराच्या चयापचयातल्या बिघाडाशी ते जोडलं.

हे अवयव मोठं मुकाट आहे. बरीच बिघडेपर्यंत गोष्ट बाहेर कळत नाही. तोवर ते काम करतच राहतं. मात्र चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रक्तात ट्रायग्लिसराइड्स जास्त सोडू लागतं. त्याचा थर बसतो तो धमन्यांच्या आत. म्हणूनच फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण यकृत नसतं, हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार असतात. रिपोर्ट पोटाचा, पण इशारा छातीचा.

आणि आता दिलासा. सुरुवातीचं फॅटी लिव्हर मागे फिरतं. वजन पाच टक्के कमी झालं तरी यकृतातली चरबी उतरू लागते, सात ते दहा टक्के उतरलं तर आतली सूजही कमी होते. ऐंशी किलोच्या माणसाला म्हणजे आधी चार किलो, मग सावकाश सहा ते आठ. तेही काही महिन्यांत, उपाशी न राहता. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू परत येत नाही, पण यकृत आपल्याला सुधारायला वेळ देतं. अशी संधी मिळणं हीच कृपा, असं आम्हाला वाटतं.

इथे कोणी म्हणेल, सगळं प्रारब्ध आहे. आमचे वडील बारीक होते, रोज शेतावर जायचे, तरी त्यांना अटॅक आलाच ना? हे म्हणणंही खोटं नाही. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांची एक छोटी नोंद फोटोसकट छापून आली. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी, ही आपल्या भारतीय अंगलटीची खोड आहे. म्हणून आपल्याला वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगते. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असं आपल्या लोकांसाठी माप धरतात.

तर प्रारब्ध आहे. जन्मासोबत आलेली अंगलट, घराण्यातला आजार, हे आपल्या हातात नाही. पण पत्ते वाईट आले म्हणून कोणी डाव टाकून उठत नाही, उलट जास्त जपून खेळतो. ज्याच्या घराण्यात हृदयविकार आहे त्याने सावध राहायची गरज इतरांपेक्षा जास्त. याच विचाराची दुसरी बाजूही ध्यानात ठेवू या. सगळं पथ्य पाळूनही कोणाला झटका येतो, कोणाचं यकृत दुसऱ्याच कारणाने बिघडतं. अशा सद्भक्ताला भेटायला गेल्यावर "काय खात होतात हो?" अशी चौकशी करू नये. जवळ बसावं, डबा न्यावा. आजाऱ्याचा न्यायनिवाडा करायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

मग त्या भगिनींच्या प्रश्नाचं मूळ काय? "माझा देह आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल" असं यजमान म्हणतात. पण आजार एकट्याचा होत नसतो. माणूस आयसीयूत असतो तेव्हा बाहेरच्या बाकावर बायको रात्रभर बसते. मुलगा रजा टाकतो, मुलीची परीक्षा तशीच जाते, म्हातारी आई देवापाशी बसून राहते, आणि पैशांची जुळवाजुळव भाऊ करतो. सद्गुरू बघतील असं म्हणून आपण जो भार त्यांच्या चरणी ठेवला असं समजतो, तो बहुतेक वेळा घरच्या बाईच्या डोक्यावर जाऊन पडतो. तिला विचारायचंही राहून जातं.

आम्हाला विचाराल तर सद्गुरू बघत नाहीत असं मुळीच नाही. तपासणी वेळेत झाली, रिपोर्ट हातात आला, डॉक्टरांनी नीट समजावलं, चालायला धड पाय आहेत, आणि साखर कमी करणारं माणूस घरात आहे. आणखी कसं बघायचं असतं? त्यांनी दिलेलं कपाटात टाकायचं आणि वर त्यांनीच बघावं म्हणायचं, हे शरण जाणं नव्हे. शरण गेलेला माणूस सांगितलेलं ऐकतो. म्हणून त्या ताईंना आमचं उत्तर हे, की आपली श्रद्धा कमी पडलेली नाही. चहातला तो कमी केलेला चमचा हीसुद्धा सेवाच आहे. फक्त तो चोरून कमी करू नये. शांतपणे, एका वेळी एक गोष्ट, यजमानांना सांगून करावी. माणूस फसवला गेला असं वाटलं की हट्टाला पेटतो.

आता ताटाकडे वळू. हैदराबादच्या परिवारांना तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था ठाऊक असेल. त्यांनी २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं दिली. त्यांच्या हिशोबाने देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे आहे. दिवसाला साधारण दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात त्यांनी ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. हा तेलाचा आकडा आपण घरी पडताळून पाहू. चार माणसांच्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून साधारण साडेतीन लिटर होतं. आपल्याकडे महिन्याला किती डबे संपतात, ते वाण्याच्या बिलावर बघावं. वाद घालायची गरजच पडत नाही.

पथ्य म्हटलं की परदेशी काहीतरी महागडं आणावं लागतं, असा एक समज आहे. तसं काही नाही. बेळगावकडची ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ, गोव्यातली नाचणीची आंबील आणि कमी तेलातलं मासळीचं कालवण, बडोद्याकडची मोकळी मेथीची भाजी, माळव्यातली हरभऱ्याची डाळ आणि मुळ्याची कोशिंबीर, हे सगळं यकृताला आणि हृदयाला मानवणारंच आहे. इंदूरच्या पोह्यांवरही आमचा राग नाही. राग आहे तो वरच्या शेवेच्या डोंगरावर आणि सोबतच्या जिलेबीवर, तेही रोजचं असेल तर. कुंदा, गजक, बेबिंका सणाला यावेत, घरात डबा भरून राहू नयेत. सगळ्यांत आधी हात आवरायचा तो बाटलीतल्या गोड पेयांवर. तीनशे मिलीच्या शीतपेयात साधारण तीस ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. चहात कोणी सहा चमचे घातले तर आपण कपाळाला हात लावू, पण मुलांना ती बाटली आपणच आणून देतो. मिठाचं माप जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगितलं आहे, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण धरून एक लहान चमचा. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, त्यात धमन्यांना घातक द्रव्यं तयार होतात.

उपवासाबद्दल बोललं पाहिजे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच वाडवडिलांनी केली, म्हणजे दुखणं जुनं आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेली चकली, वर बर्फी, असा उपवास झाला तर त्या दिवशी यकृताला नेहमीपेक्षा जास्त राबावं लागतं. ताक, फळ, वरीचा भात, थोडे शेंगदाणे, एवढ्यावर उपवास छान होतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. व्रत मोडलं असं मानायचं कारण नाही, त्या दिवशी बोलण्याचा उपवास करावा.

आणि आग्रह. आपल्या पंगतीत आग्रह हे प्रेमाचं रूप आहे, ते जाऊ नये. पण समोरचा पानावर हात आडवा धरत असताना त्यावर जिलेबी टाकणं, "माझी शपथ आहे" म्हणणं, "प्रसाद नाकारता?" असं विचारून त्याला गप्प करणं, यात प्रेम कमी आणि आपलाच हट्ट जास्त असतो. प्रसाद कणभर घेतला तरी पूर्ण पोचतो, हे आपण लहान मुलांनाही शिकवतो. भंडाऱ्याला वाढणाऱ्या सेवेकऱ्यांनी एवढं करावं, आधी विचारावं आणि मग वाढावं. आग्रह करायचाच तर कोशिंबिरीचा करावा, ताकाचा करावा, जेवणानंतर चार पावलं सोबत चालण्याचा करावा.

पथ्य आलं की स्वयंपाकघरात काम वाढतं. एकाची भाकरी वेगळी, एकाची भाजी अळणी, मुलांना त्यांचं हवं ते. हे सगळं एकटीने करायचं असेल तर महिन्याभरात ती थकते. म्हणून पथ्य एकाचं नको, घराचं असू द्या. भाजी निवडणं, काकडी चिरणं, डाळ भिजत घालणं ही कामं पुरुषांनीही करावीत. आणि भगिनींनो, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं, टाकवत नाही म्हणून खाणं, हेही आपल्या यकृतावर जमा होतं. बायकांचं हृदय आपोआप सुरक्षित असतं असं नाही. त्यांना झटक्याच्या वेळी छातीत कळ येतेच असंही नाही. कधी नुसतीच धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, दरदरून घाम, विलक्षण थकवा. "ॲसिडिटी असेल" म्हणून आडवं होऊन राहू नये.

राहिला व्यायाम. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं देत दिवसाला पाचशेहून जास्त पायऱ्या चढणारे. एकच बस, एकच शहर, पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. त्यांनी कोणता मोठा व्यायाम केला नव्हता, फक्त कामात पाय हलत होते. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, जरा धाप लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चालावं, असं आज सांगतात. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे वजन फारसं उतरलं नाही तरी यकृतातली चरबी कमी होते. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीत बसून हात-पाय हलवावेत. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांनी किती चालायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. आपल्याकडे तर सोय आहेच. मंदिराची झाडलोट, पाणी भरणं, प्रदक्षिणा, सतरंज्या घालणं, ही सेवा तरुणांवर सोपवून पन्नाशीचे लोक खुर्चीत बसतात, ते आधी उठावेत.

दोन सावधानतेच्या गोष्टी. लिव्हर साफ करणारे काढे, चूर्णं, ग्रुपवर फिरणारे नुस्खे डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. काही झाडपाल्याच्या औषधांनीही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर पारायण पूर्ण होईपर्यंत थांबू नये. लगेच १०८ ला फोन करावा. नाम रुग्णवाहिकेतही घेता येतं.

या महिन्यासाठी प्रत्येक परिवाराने मिळून एवढंच करावं. चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाची कंबर टेपने मोजून ती कॅलेंडरवर लिहावी, ज्यांची तपासणी राहिली आहे त्यांची तारीख ठरवावी, आणि रात्रीच्या जेवणानंतर मोबाईल घरी ठेवून सगळ्यांनी वीस मिनिटं एकत्र चालावं. वाटेत नाम घ्यावं, गप्पा माराव्यात, जे जमेल ते. ज्या घरात कपाटात ठेवलेली एखादी फाईल असेल, तिथे ती घरातल्या लहानाने मोठ्यांपुढे आणून ठेवावी आणि नमस्कार करून म्हणावं, "बाबा, आम्हाला तुम्ही हवे आहात."

सर्वांना उत्तम आरोग्य आणि साधनेचं बळ लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥